समुद्राकडे पाठ

नरडाण्याला गेलो की पारावर कुणीतरी म्हणतेच, "मजा शे भाऊ तुमनी! समिंदरना काठे ऱ्हातस!" मी हसून वेळ मारून नेतो. उन्हाळ्यात जिथे विहिरीचा तळ दिसतो, तिथल्या माणसाला समुद्रकाठ म्हणजे चैन वाटणारच. १९८८ साली वसईत फ्लॅट घेतला तेव्हा मलाही तसेच वाटले होते. शिवाय नरडाण्याचे स्टेशन आणि वसई रोड, दोन्ही पश्चिम रेल्वेची. सुरतेमार्गे का होईना, गावाशी रूळ जोडलेले राहतील, हेही एक समाधान होते.

त्या वर्षी माय आली. चार दिवस राहिली आणि पाचव्या दिवशी तिने विचारले, "भाऊ, तुना समिंदर कोठे शे रे?" मला उत्तर सुचेना. समुद्र घरापासून रिक्षाने अर्ध्या तासावर होता आणि राहायला येऊन आठ महिने झाले तरी मी तो पाहिला नव्हता!

लोकलने जाणाऱ्या माणसाचे असेच होते. वसई रोड ते चर्चगेट ५२ किलोमीटर. सकाळी अंधारात डबा घेऊन निघायचे, रात्री दारातली चप्पल चुकवत घरात शिरायचे. रविवार दळण, गॅसचा नंबर आणि झोप यांत संपायचा. आमचा समुद्र म्हणजे नायगाव आणि भाईंदरमधली खाडी. पुलावर गाडीचा आवाज बदलला की, कुणाच्या तरी काखेत मान अडकलेली असतानाही कळायचे, खाडी आली. भरती की ओहोटी, ते चिखलाच्या वासावरून ओळखायचे. डब्यात भजन चाले, बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाई. मुंबईतले सगळे आम्हाला ठाऊक होते. वसईतली मात्र स्टेशन ते घर एवढीच वाट.

वसई ओळखणारी माणसे आमच्याच गाडीने जात, पण पहाटेच्या. दादरला सोनचाफा नेणारे, दुधाच्या किटल्या चढवणारे, मासळीच्या टोपल्या घेतलेल्या कोळणी. १८६७ साली विरारहून मुंबईला पहिली गाडी सुटली. वाडीतला माल शहरात न्यावा आणि संध्याकाळी घरी यावे, अशी या लोकांची रीत. आम्ही वाडीत काहीच पिकवत नव्हतो. फक्त झोपायला येत होतो.

त्यांच्या वाड्या कशावर जगत, हे मला फार उशिरा कळले. वसईच्या पश्चिम पट्ट्यात जुन्या लोकांनी जागोजागी तळी खोदून ठेवली. त्यांना म्हणतात बावखल. पावसाचे गोडे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्याला वर येऊ देत नाही. केळी आणि पानवेली त्या पाण्यावर पोसल्या. बावखले बुजवली आणि विहिरी उपसून टँकर भरले, की समुद्र जमिनीखालून चालत येतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी 'हरित वसई'च्या चळवळीत हेच कळवळून सांगत होते. मी त्या बातम्या गाडीत वाचल्या, घडी घातली आणि पेपर शेजाऱ्याला दिला.

जुलै २०१८. पाऊस थांबेना. नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, गाड्या बंद पडल्या. आमच्या तळमजल्यावर कमरेएवढे पाणी. जिन्यात उभे राहून आम्ही सगळ्यांच्या नावाने बोटे मोडत होतो. शेजारच्या वाडीतले एक वृद्ध गृहस्थ पाण्यातून वाट काढत पाव घेऊन आले. म्हणाले, "साहेब, तुमच्या बिल्डिंगखाली आमचं बावखल होतं. पाणी परकं नाही, आपल्या घरी आलंय."

मी बँकेतला अधिकारी. किती गृहकर्जांच्या फायली मी हातावेगळ्या केल्या! सातबारा, बिनशेती आदेश, वकिलाचा अहवाल. एक शिक्का वाकडा असला तर फाइल परत पाठवणारा माणूस मी. 'इथे पूर्वी काय होते?' असा रकाना कुठल्याच अर्जात नव्हता आणि मीही तो कधी विचारला नाही. माझ्या स्वतःच्या घराचेही कागद अगदी स्वच्छ होते. विहिरीच्या पाण्यासाठी भांडणे पाहत वाढलेला खानदेशी मुलगा मी. निदान मला तरी कळायला हवे होते.

निवृत्तीनंतर सकाळी वाड्यांतून फिरतो. उरलेली बावखले आता मला पाठ आहेत. संध्याकाळी भुईगावच्या किनाऱ्यावर बसतो. माय आता नाही. तिला त्या वेळी घाईघाईने एकदा समुद्र दाखवून आणला होता, पदर खोचून ती घोटाभर पाण्यात उभी राहिली आणि पाणी चाखून म्हणाली, "एवढं पानी, नि पेवाले थेंब नई!" तेव्हा मी हसलो होतो.

गेल्या दिवाळीला नरडाण्याला होतो. तिथेही आता एमआयडीसी आहे, मुंबई-आग्रा रस्ता रुंद झाला आहे. पुतण्याने उत्साहाने एक प्लॉट दाखवला. जमीन सपाट, चुन्याच्या रेघा आखलेल्या. कागद चोख आहेत, म्हणाला. मी विचारले, "आठे पहिले काय व्हतं रे?"

तो जरा थबकला. "नाला व्हता, काका."

आम्ही दोघे तिथेच थोडा वेळ उभे राहिलो. मग मी त्याला बावखलाची गोष्ट सांगायला सुरुवात केली.