उदकस्थानांचें रक्षण : आचार आणि दंड

जलाशय दूषित करूं नये, हा आपल्याकडील निर्बंध केवळ शौचाचाराचा होता कीं त्यामागें राजदंडहि होता, हें आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत मूत्र, विष्ठा, थुंकी इत्यादि पाण्यांत टाकूं नये असें सांगितलें आहे. परंतु तें स्नातकव्रतांचें प्रकरण असल्यामुळें तेथें दंडाचा उल्लेख नाहीं. नवव्या अध्यायांत दंड आहे, पण तो तलाव फोडणें, त्याचें पाणी हरण करणें व ओघ तोडणें यांबद्दल. म्हणजे रक्षण सांठ्याचें, शुद्धतेचें नव्हे.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील नागरिकप्रणिधि हें प्रकरण याहून निराळें आहे. पुण्यस्थान, उदकस्थान, देवगृह व राजपरिग्रह येथें मलोत्सर्ग केल्यास एकेक पणानें चढता दंड सांगितला आहे. आरंभ एका पणापासून धरल्यास उदकस्थानास दोन पण होतात. मूत्रोत्सर्गास त्याच्या निम्मा. औषध, व्याधि किंवा भय यांमुळें तसें घडल्यास दंड नाहीं. शिवाय उदकस्थानांची पाहणी नगराधिकाऱ्यानें नित्य करावयाची आहे. निषेध, दंड, अपवाद व जबाबदार अधिकारी हीं चारहि अंगें येथें एकत्र येतात. १९७४ च्या जलप्रदूषणविषयक केंद्रीय अधिनियमाची मांडणीहि याच अंगांची आहे.

तथापि ग्रंथ नियम सांगतो. तो पाळला गेला कीं नाहीं, हें त्यावरून ठरत नाहीं. निदान पुढील काळापुरता तो निर्णय दप्तरांतील कागदच करूं शकतील. म्हणून विहीर, ओढा, पाट यांच्या तंट्यांचीं जीर्ण पत्रें क्षुल्लक मानून टाकूं नयेत, अशी संग्राहकांस आमची विनंती आहे.