'हॅपी बर्थडे जोशी!' आणि घरच्या कॉम्प्युटरची दुखणी

1990 साली भारतात एक व्हायरस सापडला. वर्षभर तो या फ्लॉपीतून त्या फ्लॉपीत गुपचूप फिरायचा आणि 5 जानेवारी उजाडली की कॉम्प्युटर अडवून बसायचा. पडद्यावर एकच हुकूम: 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा! मुकाट्यानं टाइप केलं की मशीन चालू, नाहीतर बसा बघत. म्हणजे त्या दिवशी ऑफिसात कितीही घाई असो, आधी जोशीबुवांना शुभेच्छा, मग कामधाम.

त्या जमान्यातले व्हायरस होतेच असे नाटकी. 'कॅस्केड' पडद्यावरची अक्षरं टपाटप खाली पाडायचा. 'पिंगपाँग'मध्ये एक ठिपका चेंडूसारखा टणाटण उड्या मारायचा. 'यांकी डूडल' संध्याकाळी पाचच्या ठोक्याला त्याच नावाच्या गाण्याची धून वाजवायचा (ऑफिस सुटल्याची घंटाच म्हणा ना). आणि लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी तर कमालच केली. 1986 च्या त्यांच्या 'ब्रेन' व्हायरसमध्ये त्यांनी स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवला होता! घरफोडी करून टेबलावर व्हिजिटिंग कार्ड ठेवण्यातलाच प्रकार. 2011 मध्ये फिनलंडचे व्हायरसतज्ज्ञ मिक्को हिप्पोनेन तोच पत्ता शोधत गेले, तर दोघे भाऊ तिथेच धंदा करत होते. इंटरनेट पुरवण्याचा.

आता गणित पार उलटं झालंय. आजच्या व्हायरसला तुमचे पासवर्ड हवे असतात, बँकेचे तपशील हवे असतात, आणि त्यासाठी तुमचा कॉम्प्युटर ठणठणीत चालत राहणं ही त्याचीच गरज असते. तो कशाला तोंड उघडेल? अपवाद फक्त फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरचा. तोही कार्यभाग उरकल्यावरच बोलतो. त्यामुळे घरच्या पीसीवर 'व्हायरस! व्हायरस!' अशी बोंब दिसली, तर पहिला संशय बोंब मारणाऱ्यावर घ्यायचा.

कोपऱ्यातला आरडाओरडा

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दर दोन मिनिटांनी लाल चौकट येते: 'तुमच्या पीसीत पाच व्हायरस सापडले!' घरात घबराट. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ही निव्वळ जाहिरात असते. कधीतरी फुकट सिनेमा किंवा क्रिकेटची मॅच बघताना एका साइटनं सांगितलेलं असतं, 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा.' आपण दाबतो. तिथे आपण नोटिफिकेशन पाठवायची परवानगी दिलेली असते, बाकी काही नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'साइट सेटिंग्ज', मग 'नोटिफिकेशन्स' असं जा, अनोळखी नावं काढून टाका. पाचही व्हायरस क्षणात बरे!

याचाच थोरला भाऊ म्हणजे अख्खा पडदा व्यापणारी, भोंगा वाजवणारी सूचना आणि खाली फोन नंबर. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्याखुऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. एस्केपचं बटण थोडा वेळ दाबून धरा. नाहीच हललं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. त्या नंबरवर फोन केला तर पुढचं नाटक ठरलेलं. 'सर, मी स्कॅन करतो' म्हणत पलीकडचा माणूस तुमच्या मशीनचा ताबा घेतो आणि काळ्या खिडकीत 'ट्री' ही कमांड देतो. ही कमांड फक्त फोल्डरांची यादी दाखवते. पण ओळींमागून ओळी सरसर पळताना बघून भल्याभल्यांचा घसा कोरडा पडतो. शेवटी तो गृहस्थ स्वतःच्या हातानं 'व्हायरस फाउंड' असं टाइप करतो. झालं निदान!

चोर सोडून संन्याशाला

उन्हाळ्यात महिनाभर बंद असलेला जुना डेस्कटॉप सुरू केला. एकही वेबसाइट धड उघडेना, सगळीकडे 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही', वर अँटीव्हायरसही लायसन्सवरून कुरकुरतोय. व्हायरसच, नाही का? आधी खाली उजवीकडे घड्याळाकडे बघा. तारीख काही वर्षं मागे गेली असेल तर गुन्हेगार मदरबोर्डवरचा सेल आहे. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो संपला की तारीख भूतकाळात जाते आणि वेबसाइटची आजची प्रमाणपत्रं त्या तारखेला खोटी ठरतात. सेलचं नाव सीआर 2032, आणि नावातच माप: 20 मिलिमीटर रुंद, 3.2 मिलिमीटर जाड. घड्याळवाल्याकडे मिळतो.

मशीन स्लो? भरलेली सी ड्राइव्ह, म्हातारी हार्ड डिस्क, पंख्यात साठलेली धूळ. हे तिघे व्हायरसच्या नावावर वर्षानुवर्षं बिलं फाडत आलेत.

कधीकधी तर व्हायरस नसतोच, आपणच असतो. 2002 मध्ये जगभर ईमेल फिरला: तुमच्या विंडोजमध्ये टेडी अस्वलाचं चित्र असलेली फाइल शोधा, तो भयंकर व्हायरस आहे, पुसून टाका आणि सगळ्या ओळखीच्यांना कळवा. लोकांनी शोधली, खरंच अस्वल सापडलं, पुसलं! ती विंडोजचीच साधी सरळ फाइल होती. औषधवालेही धुतल्या तांदळाचे नाहीत. 21 एप्रिल 2010 रोजी मॅकॅफी अँटीव्हायरसच्या एका अपडेटनं विंडोज एक्सपीची स्वतःचीच महत्त्वाची फाइल व्हायरस ठरवली आणि जगभरातली मशीनं पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत बसली.

झेरॉक्सच्या दुकानातून परतलेला पेनड्राइव्ह

हा मात्र अस्सल व्हायरस आणि अजून जिवंत. बायोडेटाची प्रिंट काढायला पेनड्राइव्ह दुकानात जातो आणि घरी येतो तो सगळ्या फोल्डरांवर छोटा बाण घेऊन. फोल्डर गेले, शॉर्टकट आले. 'प्रॉपर्टीज' उघडा: आकार जेमतेम एक-दोन केबी. लग्नाचे चारशे फोटो दोन केबीत मावतील का? इथे पुष्कळ घरांत 'फॉरमॅट मारा' असा निकाल लागतो. थांबा! डेटा बहुतेक वेळा तिथेच असतो, व्हायरसनं फक्त लपवलेला असतो. खरा लबाडपणा शॉर्टकटमध्ये आहे: त्यावर क्लिक केलं की फोल्डरही उघडतो आणि मागच्या दारानं व्हायरसही चालू होतो, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. शॉर्टकटला हात न लावता आधी पेनड्राइव्ह स्कॅन करा, मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपवलेल्या फाइली आणि संरक्षित सिस्टीम फाइली दाखवायला सांगा. फोटो हजर. (लाज वाटून घेऊ नका. 2008 मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या लॅपटॉपमध्येही गेमचे पासवर्ड चोरणारा व्हायरस सापडला होता.)

फोल्डर ऑप्शन्समध्ये गेलाच आहात तर फाइलीचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, दिसू द्या. 4 मे 2000 रोजी फिलिपिन्समधून निघालेल्या 'आय लव्ह यू' व्हायरसनं जग याच शेपटावर फसवलं. ईमेलला जोडलेलं प्रेमपत्र 'डॉट टीएक्सटी' दिसत होतं. त्यापुढचं 'डॉट व्हीबीएस' विंडोजनं सवयीनं झाकून ठेवलं होतं. गंमत म्हणजे संशयित तरुण ओनेल दे गुझमान सापडला, पण तेव्हा तिथे या गुन्ह्याला कायदाच नव्हता. सुटला!

मग खरा ओळखायचा कसा?

जे व्हायला हवं ते होत नाही, तिथे बघा. 2008 चा 'कॉन्फिकर' बाकी सगळ्या साइट उघडू द्यायचा, फक्त अँटीव्हायरस कंपन्यांच्या नाही. म्हणून तज्ज्ञांनी त्याच्यासाठी चक्क डोळे तपासायच्या तक्त्यासारखं पान बनवलं: वरच्या ओळीतली सुरक्षा कंपन्यांची चित्रं दिसली नाहीत तर तुम्हाला लागण झालीय. आजही विंडोज सिक्युरिटी आपोआप बंद पडत असेल, चालू करू म्हटलं तरी होत नसेल, तर ते दुखणं खरं. इंटरनेट तोडा आणि 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' चालवा. तो विंडोज पूर्ण जागं व्हायच्या आत तपासणी करतो, त्यामुळे व्हायरसला लपायला वेळच मिळत नाही. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या मशीनवरून. सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'चीही फुकट साधनं आहेत. पैसे गेले असतील तर स्कॅन नंतर, आधी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन.

विकतचा अँटीव्हायरस? नव्या विंडोजमधलं डिफेंडर घरापुरतं भागवतं, असं माझं मत. पुणेकर रागावतील, कारण क्विक हील तिथलं. दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीत शिरलेले कैलास काटकर आणि कॉम्प्युटर शिकणारा त्यांचा धाकटा भाऊ संजय यांनी दुरुस्तीच्या दुकानातून ते उभं केलं. फक्त दोन अँटीव्हायरस एकत्र नांदवू नका. एकमेकांवर संशय घेण्यातच त्यांचा आणि तुमच्या प्रोसेसरचा दिवस जातो.

मदतीचा अतिरेक तर 2003 मध्ये झाला. 'ब्लास्टर' नावाचा वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपणहून पसरणारा व्हायरस, साठ सेकंदांची उलटी गिनती दाखवून कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा. त्याला संपवायला कुणीतरी 'नाची' नावाचा दुसरा वर्म सोडला. तो ब्लास्टरच्याच वाटेनं विंडोजमध्ये शिरायचा, ब्लास्टरला हाकलायचा, मायक्रोसॉफ्टचं अपडेट स्वतः उतरवून बसवायचा. आणि पुढचा रुग्ण शोधण्याच्या गडबडीत त्यानं इतकी नेटवर्कं तुंबवली की लोकांना ब्लास्टरच बरा वाटला.