राजाची बैलासाठी उचल
सभासद बंधूंनो, ऊसनोंदीला फिरताना जुन्नरकडच्या बांधावरून शिवनेरी दिसतो. १६३० साली शिवराय तिथं जन्मले. १६५७ मध्ये त्यांनी जुन्नर शहर लुटलं, पण जन्माचा गड त्यांच्या हयातीत काही हाती आला नाही.

लढाया आपल्याला पाठ आहेत. मला मोठं वाटतं ते १६७६ चं, प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना धाडलेलं पत्र. गावोगाव फिरा, शेतकरी गोळा करा. अंगात कुवत आहे पण बैल नाही, त्याला दोन-चार बैलांचे रोख पैसे द्या, पोटाला खंडी-दोन खंडी दाणे द्या. वसुली बिनव्याजी, मुद्दल तेवढं. तेही त्याला ताकद आल्यावर, हळूहळू.

बेणं-खताची उचल बिलातून कापताना मला हे आठवतं. आपलं व्याज मात्र चालूच असतं.