कात्रजच्या उद्यानांतील ओळखी

सुटीच्या दिवशीं पुण्यांतील मंडळी मुलांस घेऊन कात्रजच्या प्राणिसंग्रहालयांत जातात आणि परत आल्यावर "वाघ पाहिला, अस्वल पाहिलें" असें सांगतात. जातीचें नांव घेतलें कीं पाहणें संपलें, अशी आपली समजूत असते. परंतु जाळीपलीकडे जो उभा असतो तो एकेक स्वतंत्र जीव होय. त्याची ओळख करून घेणें हाच तेथें जाण्याचा खरा लाभ, असें आम्हांस वाटतें.

ही दृष्टि पुण्यास नवी नाहीं. पेशव्यांच्या शिकारखान्यांतील एका गेंड्याचें चित्र गंगाराम तांबट या पुणेकर चित्रकारानें नोव्हेंबर १७९० मध्यें काढलें. तें आज अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संग्रहीं आहे. सवाई माधवरावांच्या काळचा तो गेंडा आजहि आपल्यापुढें उभा राहतो, याचें कारण एका माणसानें त्याच्याकडे लक्षपूर्वक पाहिलें. पुढें १९५३ मध्यें पर्वतीच्या पायथ्याशीं पेशवे उद्यान झालें आणि कालांतरानें तेथील प्राणी कात्रजला नेण्यांत आले.

कात्रजच्या ज्या रहिवाशाचें नांव अलीकडे घरोघरीं झालें तो सचिन नांवाचा बिबट्या. त्यास कर्नाटकांतील हंपीहून आणिलें होतें. मार्च २०२४ मध्यें तो पिंजऱ्यांतून निसटला. शहर भयभीत झालें. परंतु दुसऱ्या दिवशीं रात्रीं तो उद्यानाच्या आवारांतच सांपडला. बिबट्या दिवसा दडून राहणारा आणि रात्रीं हिंडणारा प्राणी. त्याचा हा स्वभाव ठाऊक असला म्हणजे भयाची जागा विचार घेतो.

जुलै २०२५ मध्यें याच उद्यानांत लाळ-खुरकुतानें सोळा चितळ हरणें दगावलीं. गोठ्यांतील गुरांस होणारा हा रोग चाऱ्यांतून, हवेंतून, इतकेंच काय, माणसाच्या पादत्राणांवाटेहि पसरतो. सचिनचें नांव मुलांच्याहि तोंडीं होतें. हीं सोळा हरणें मात्र आपणां प्रेक्षकांस केवळ संख्येनें कळलीं.

आम्ही आयुष्यभर वर्गावर हजेरी घेतली. नुसतीं डोकीं मोजणाऱ्या मास्तरास मुलगा आजारी असल्याचें तो गैरहजर राहिल्यावरच कळतें. ज्यास प्रत्येक चेहरा ठाऊक असतो, त्यास तें आदल्या दिवशींच कळतें. प्राण्यांची निगा राखणाऱ्यासहि हाच न्याय लागू आहे. वाघाचे पट्टे किंवा बिबट्याचे ठिपके कोणत्याहि दोघांचे सारखे नसतात. सृष्टीनें प्रत्येकाची ओळख त्याच्या अंगावरच लिहून ठेविली आहे. ती वाचण्याचे श्रम तेवढे आपण घ्यावयाचे.

यास्तव वाचकांस आमची एकच सूचना आहे. पुढील खेपेस सारें उद्यान धांवत पाहूं नये. एकाच प्राण्यासमोर पाव तास शांतपणें उभें राहावें, त्यास खावयास कांहीं टाकूं नये, आणि त्याच्या अंगावरील खुणा मुलांकडून वहींत टिपून घ्याव्या. नंतरच्या भेटींत मुलें आपण होऊन त्याच प्राण्याचा शोध घेतील आणि तो दिसला नाहीं तर रक्षकास त्याच्याविषयीं विचारतील. तसें विचारणारीं मुलें घरोघरीं असलीं, तर मुक्या जीवांची निगा राखणारे अधिक जागरूक राहतील.