मागे घेतली की डावीकडे पळणारी होडी

देऊळगाव महीजवळ, खडकपूर्णा जलाशयाच्या काठावर राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. इंजिनाची नवी होडी धक्क्याला लावायला ते शिकत आहेत. रिव्हर्स टाकला की सुकाणू सरळ असूनही मागचा भाग डावीकडेच का सरकतो? दोष इंजिनाचा की हाताचा?

दोन्हींचा नाही. एकाच पंख्यावर चालणाऱ्या होडीचा हा स्वभावच आहे. बहुतेक पंखे पुढे जाताना, मागून पाहिले तर, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. रिव्हर्समध्ये ते उलटे फिरतात आणि पाणी पीळ देत पुढे, होडीकडेच फेकतात. डावीकडचे पाणी तळाखालून निसटते. उजवीकडचे मात्र वर चढून मागच्या कुशीवर आदळते आणि ती कूस डावीकडे ढकलते. सुकाणूही अशा वेळी मदतीला येत नाही, कारण पंख्याचा झोत त्याच्याकडे जातच नाही.

‘खालचे पाणी दाट असते, म्हणून खालचे पाते जास्त जोर लावते’ असे स्पष्टीकरण अजूनही सर्रास दिले जाते. ते सोडून द्या. हातभर खोलीला दाब वाढतो, पण पाणी काही दाट होत नाही.

हा पंखा जहाजांवर आणण्यात एका शेतकऱ्याचा मोठा हात होता. फ्रान्सिस पेटिट स्मिथ हा इंग्लंडमधला मेंढपाळ शेतकरी. आपल्या नमुन्याच्या बोटी तो शेतावरच्या तळ्यात सोडून बघायचा. (आपल्याकडच्या शेततळ्यांत असे कोणी करत असेल तर जरूर कळवा!) 1836 मध्ये त्याने पेटंट घेतले. त्याचा पंखा म्हणजे दोन पूर्ण वेढ्यांचा लाकडी स्क्रू. पुढच्या वर्षी लंडनच्या कालव्यात चाचणी चालू असताना तो कशावर तरी आपटला, अर्धा तुटून गेला आणि बोट आधीपेक्षा जोरात पळू लागली! वेढे जास्त तर ओढ जास्त, हा समज तिथेच बुडाला. पुढे त्याच्या ‘आर्किमिडीज’ जहाजावर प्रयोग करूनच इंग्रज अभियंता ब्रुनेलने आपल्या ‘ग्रेट ब्रिटन’ जहाजाला वल्ह्यांच्या चाकांऐवजी पंखा बसवला. पुतळे ब्रुनेलचे उभे राहिले. स्मिथला ‘सर’ ही पदवी मिळाली ती 1871 मध्ये, मृत्यूच्या तीन वर्षे आधी.

तर डावीकडची ही ओढ कामाला लावा. धक्का डाव्या हाताला ठेवून सावकाश, जरा तिरके या. टोक जवळ आले की रिव्हर्सचा छोटा झटका द्या. होडी थांबते आणि मागचा भाग आपसूक धक्क्याकडे सरकतो. वारा असेल तर त्याच्या तोंडावर या, म्हणजे थांबवायला तोही हातभार लावतो. वेग दुप्पट झाला तर आदळण्याची ऊर्जा चौपट होते, हे शाळेतले सूत्र टायर लटकवलेल्या धक्क्यालाही लागू आहे.

निघताना वेगळी पंचाईत. एसटीची पुढची चाके वळली की मागची मुकाट मागोमाग येतात. होडीचे सुकाणू मागे असते, त्यामुळे वळताना मागची बाजू बाहेर झोकली जाते. घाईने सुकाणू फिरवले तर तीच धक्क्यावर घासते. आधी होडी धक्क्यापासून ढकलून सुटी करा, मगच वळवा.

मागे टांगायचे आऊटबोर्ड इंजिन असेल तर सगळे इंजिनच वळते, त्यामुळे रिव्हर्समध्येही दिशा बरीच हातात राहते. मात्र ते न्यूट्रलला टाकले की झोत थांबतो आणि वळवण्याची ताकद जवळजवळ संपते. नवशिके नेमके धक्क्याजवळ येऊनच न्यूट्रल करतात.