न्याय्य संक्रमण : स्वच्छ ऊर्जा आणि संघटित कामगार

पर्यावरणाचे रक्षण आणि कामगारांचे हित ही उद्दिष्टे परस्परविरोधी आहेत, असा समज दीर्घकाळ रूढ होता. कारखाना बंद झाला की नदी वाचते, पण गावाची चूल विझते, असे म्हटले जाई. आणि ते सर्वस्वी खोटेही नव्हते. या कोंडीतून वाट काढू पाहणाऱ्या विचाराला ‘न्याय्य संक्रमण’ असे म्हणतात. ‘संक्रमण’ हा शब्द मराठी वाचकाला मकरसंक्रांतीमुळे परिचित आहे. सूर्याचे राश्यंतर मात्र आपोआप होते. कोळशाकडून सौर वा पवनऊर्जेकडे जाणारे संक्रमण माणसे घडवतात, म्हणून त्याची झळ कोणी सोसायची हेही माणसांनाच ठरवावे लागते.

या विचाराचा उगम कामगार चळवळीत आहे. टोनी मॅझोकी हे अमेरिकेतील तेल, रसायन व अणुउद्योगातील कामगारांच्या संघटनेचे नेते होते. दुसऱ्या महायुद्धात ते स्वतः सैनिक होते आणि युद्धावरून परतलेल्यांच्या शिक्षणाचा भार शासनाने उचललेला त्यांनी पाहिला होता. पुढे १९८० मध्ये विषारी कचऱ्याने दूषित झालेल्या जागा स्वच्छ करण्यासाठी अमेरिकेत ‘सुपरफंड’ कायदा झाला. मातीसाठी निधी उभा राहू शकतो, तर घातक उद्योग बंद झाल्यावर रस्त्यावर येणाऱ्या कामगारासाठी का नाही, असा मॅझोकी यांचा प्रश्न होता. त्यांना हवा असलेला निधी उभा राहिला नाही. संज्ञा मात्र टिकली आणि २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकेत तिला स्थान मिळाले.

तरीही ‘हरित रोजगार’ म्हटले की खाणकामगार साशंक होतो. त्याची शंका समजून घेतली पाहिजे. औष्णिक केंद्र चालवण्यासाठी माणसे वर्षानुवर्षे लागतात. तेथे कायम नोकरी, निवृत्तिवेतन आणि संघटनेने भांडून मिळवलेला वेतनकरार असतो. सौरप्रकल्पात बहुतेक काम उभारणीच्या वेळी असते. कंत्राटदार मजूर आणतो, काही महिन्यांत पत्रे बसतात आणि मजूर पुढच्या गावी जातात. नंतर देखभालीला मोजकीच माणसे पुरतात. शिवाय खाण एका जिल्ह्यात आणि सौरप्रकल्प दुसऱ्याच प्रांतात, असेही घडते. ऊर्जा स्वच्छ असली म्हणजे तिच्यातील रोजगार चांगला असतोच असे नाही. तो कोणत्या अटींवर दिला जातो, यावर ते ठरते.

या अटी कायद्यात कशा घालता येतात, याचे उदाहरण म्हणून अमेरिकेचा २०२२ चा ‘इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट’ पाहता येईल. या कायद्याने स्वच्छ वीजप्रकल्पांतील गुंतवणुकीवर ६ टक्के मूळ करसवलत ठेवली. एक मेगावॉट वा त्याहून मोठ्या प्रकल्पाने कामगारांना त्या भागातील प्रचलित वेतन दिले आणि ठरावीक तास शिकाऊ उमेदवारांकडून काम करवून घेतले, तर हीच सवलत पाचपट, म्हणजे ३० टक्के होई. प्रचलित वेतनाची कल्पना १९३१ च्या डेव्हिस-बेकन कायद्यातील, म्हणजे जुनीच. कायद्याने संघटनेचे सदस्यत्व सक्तीचे केले नाही. परंतु मजुरी पाडून कंत्राट मिळवण्याची वाट अरुंद झाली आणि उमेदवारीचे अनेक अभ्यासक्रम संघटना स्वतःच चालवत असल्यामुळे त्यांना या क्षेत्रात पाय रोवता आला. सरकारी पैसा हवा असेल तर मजुरी नीट द्या, असा हा साधा सौदा होता. मात्र २०२५ मध्ये नव्या कायद्याने पवन व सौर प्रकल्पांच्या सवलतींची मुदत बरीच अलीकडे आणली. सवलतच संपली की तिला जोडलेली वेतनाची अटही निष्प्रभ होते, ही या मार्गाची मोठी मर्यादा आहे.

स्पेनने दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे खाणी बंद करण्याच्या बाजूने, सुरुवात केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये शासन, कामगार संघटना आणि खाणमालक यांच्यात करार झाला. बहुतेक दगडी कोळशाच्या खाणी त्या वर्षअखेरीस बंद होणार होत्या. त्याबदल्यात ४८ वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या खाणकामगारांना मुदतपूर्व निवृत्तीची सोय झाली. इतरांसाठी भरपाई व नवे प्रशिक्षण आणि खाणपट्ट्यांच्या पुनर्विकासासाठी २५ कोटी युरो ठरले. येथे लक्षात घेण्याजोगा आहे तो क्रम. खाणीला कुलूप लागण्याआधी करारावर सह्या झाल्या आणि सह्या करणाऱ्यांत कामगारांचे प्रतिनिधी होते.

विदर्भाच्या कोळसापट्ट्यालाही हा प्रश्न लागू होतो. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉट क्षमतेचे आहे आणि भोवतालच्या खाणी, मालवाहू ट्रक, चहाच्या टपऱ्या यांचे अर्थकारण कोळशाशी बांधलेले आहे. सरकारी कोळसा कंपन्यांतील कायम कामगारांचे वेतन राष्ट्रीय पातळीवरील करारांनी ठरते. त्याच खाणीत कंत्राटदाराच्या हाताखाली राबणारा माणूस त्या कराराबाहेर असतो. संक्रमणाच्या वाटाघाटी सुरू झाल्या, तर त्याच्या वतीने कोण बोलणार, हे आधी ठरायला हवे.