आगोटीचे शहाणपण

मे महिना सरत आला की रत्नागिरीच्या घराघरांतून एकच शब्द कानी येतो – आगोट. कौले चाळायची, पडवीला झापे बांधायचे, लाकूडफाटा कोरड्या जागी रचायचा, सुकी मासळी आणि मीठमिरची भरून ठेवायची. मृगाचा पाऊस यायच्या आत हे सारे उरकले पाहिजे, हे कोकणात कुणाला पुस्तकातून शिकवावे लागत नाही. पण घराची आगोट इतक्या निगुतीने सांभाळणारे आपण रस्ता, पूल किंवा चार मजली इमारत बांधायला घेतो, तेव्हा हे शहाणपण कुठे जाते?

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेल्या आठ महिन्यांत काम साधायचे. हे गणित साधे आहे. तरीही ठेकेदाराची खरी घाई सुरू होते ती मेच्या पंधरवड्यात, आभाळ भरून येऊ लागल्यावर.

या पावसाशी सर्वांत मोठी झुंज घेतली ती कोकण रेल्वेने. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. ई. श्रीधरन त्याचे प्रमुख होते. उरलेले दिवस दाखवणारी, उलटी चालणारी घड्याळे कामाच्या कचेऱ्यांत लावलेली होती. पण पाऊस घड्याळ पाहून येत नाही आणि डोंगर तर कुणाचेच ऐकत नाही. पाच वर्षांत मार्ग पुरा करण्याचा संकल्प होता; सबंध मार्गावरून गाडी धावली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. पेडण्याच्या बोगद्याने तर सर्वांचा अंत पाहिला. तिथली पाण्याने भिजलेली मऊ माती खणावी तशी पुन्हा ढासळत असे.

याच मार्गावर रत्नागिरीजवळ पानवल नदीचा पूल आहे. उंची ६४ मीटर, म्हणजे कुतुबमिनारापेक्षा थोडासाच बुटका. एवढ्या खोल दरीत खालून परांची उभारून वरचा भाग बांधायचा, तर वारा-पावसात माणसांचे आणि सामानाचे काय झाले असते? म्हणून इथे वेगळी पद्धत वापरली गेली. पुलाचा वरचा भाग दरीच्या काठावर, जमिनीवरच तुकड्यातुकड्याने ओतायचा आणि जॅकच्या जोराने खांबांवरून पुढे ढकलत न्यायचा. माणसे बहुतांशी एकाच जागी, पायाखाली जमीन असलेली. धोक्याच्या जागी माणूस पाठवण्यापेक्षा कामच सुरक्षित जागी आणावे, हा धडा दोन मजल्यांचे घर बांधणाऱ्यानेही घ्यावा असा आहे.

मात्र मार्ग पुरा झाला म्हणून पाऊस संपत नाही. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर गाडी आदळली आणि पन्नासहून अधिक प्रवासी प्राणास मुकले. पुढच्याच वर्षी, १६ जूनला, मत्स्यगंधा एक्स्प्रेसलाही दरडीमुळे अपघात झाला. कोकणात वर सच्छिद्र जांभा आणि त्याखाली अनेक ठिकाणी चिकणमाती असते. जांभ्यातून झिरपलेले पाणी खाली अडते, माती फुगते, जड होते आणि कापलेला उतार निसटतो.

या अपघातांनंतर रेल्वे बरेच शिकली. उतार सौम्य केले गेले, कातळांवर लोखंडी जाळ्या बसल्या. दरवर्षी पावसाळी वेळापत्रक लागू होते, गाड्यांचा वेग कमी होतो आणि सहाशेच्या वर माणसे रुळांवर गस्त घालतात. पानवलच्या पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र आहे, रत्नागिरी स्थानकात पाऊस मोजणारे. पाऊस फार वाढून समोरचे दिसेनासे झाले, तर वेग ताशी ४० किलोमीटरवर आणावा असा दंडक आहे. एवढे करूनही जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली आणि वाहतूक बंद पडली. पण दरडीपाशी वेळेत थांबता येणे, हेही यशच नव्हे काय?

नेमके हेच ‘थांबणे’ आपल्या लहान बांधकामांवर दिसत नाही. तिथे ना वारा मोजणारे यंत्र, ना गस्त. खरे तर काळजी साधीच आहे. खोदलेली माती चराच्या काठावर रचू नये. रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी काठ तपासल्याशिवाय कुणाला चरात उतरवू नये. विजा चमकू लागल्या की परांचीवरची माणसे खाली आणावीत. मिक्सर, पंप, वेल्डिंगच्या तारा पाण्यात लोळू देऊ नयेत. वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच बसवावा. सिमेंटची पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत. काम बंद असताना टॉवर क्रेनचा लांब हात बांधून ठेवायचा नसतो. तो वाऱ्याबरोबर फिरायला मोकळा सोडायचा असतो. वाऱ्याशी भांडण्यापेक्षा त्याला वाट देणे बरे.

नुसत्या पंचांगावर विसंबूनही आता भागत नाही. ३ जून २०२० रोजी, मृग लागण्याआधीच, ‘निसर्ग’ चक्रीवादळ आले. दापोली-मंडणगडात घरांची छपरे उडाली, आणि मिऱ्याच्या किनाऱ्यावर एक मोठे जहाज येऊन रुतले. मात्र वादळाची सूचना आधीच मिळाली होती. हवामान खाते आता तालुक्यांपर्यंत इशारे देते. प्रश्न इशारा मिळण्याचा नाही, तो ऐकून काम थांबवण्याचा अधिकार कुणाला आहे, हा आहे. मालकाला हप्ता दिसतो, ठेकेदाराला मुदत दिसते. ढग सर्वांत आधी दिसतो तो वर चढलेल्या मजुराला, आणि त्याच्या शब्दाला तिथे सर्वांत कमी किंमत असते. शिवाय काम थांबले की त्याचा रोजही बुडतो. म्हणूनच पावसाने बुडालेल्या दिवसांची मजुरी आधीच हिशेबात धरणे, हीसुद्धा आगोटच.

रत्नागिरी रेल्वे स्थानकावर श्रमशक्ती स्मारक आहे. हा मार्ग बांधताना ज्यांनी प्राण गमावले, त्यांच्यासाठी ते उभारले आहे. गणपतीला गावी उतरणारे आपण बॅगा सांभाळत, रिक्षा शोधत पुढे जातो. यंदा क्षणभर तिथे थांबावे. आणि घर बांधायला काढले असेल, तर गवंड्याला एवढेच सांगून ठेवावे, ‘बाबा, आभाळ भरलं की खाली ये. स्लॅब उद्या पडेल.’